जवळच्या मेमरीवाल्या बाई

"हात पोचतो का?"

खुर्चीत बसण्याआधी बाई उजवा हात लांब करून बघायच्या. पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, चहाचा कप, सगळं बसल्या जागी हाताशी हवं. परभणीच्या एका कॉलेजात आम्ही बरीच वर्षं एकाच खोलीत बसलो. कँटीनवाल्यानं कप टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला, की त्यालाही हाच प्रश्न. आम्ही हसायचो. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच.

बाईंचा जीव ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. आमच्या मोठ्या मशीनमध्ये प्रोसेसर दोन, आणि प्रत्येकाशेजारी त्याची त्याची मेमरी. एकानं दुसऱ्याशेजारच्या मेमरीतून माहिती आणायची म्हटलं की उशीर. त्यावर चालणारा हवामानाचा प्रोग्राम नेमका इथंच रखडायचा, कारण कर्नल त्याला बरीचशी जागा पलीकडची द्यायचा. मशीन म्हातारं झालं, असं ठरवून आम्ही मोकळे झालो होतो.

"मशीन धडधाकट हाय, सर. वाटप चुकायलंय," बाई म्हणाल्या.

बाई पाथरीकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, तेव्हा पोरगीही कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहायची. मला मेमरी समजावली ती तिथल्याच भाषेत. "तळावर प्रत्येक कोपीचं पानी ज्याच्या त्याच्या पिंपात. दुसऱ्याच्या पिंपाला हात लावायचा न्हाई. लावला की भांडण."

तळाचा हाच कायदा त्यांनी कर्नलच्या कोडमध्ये लिहिला. प्रत्येकाला जवळचीच मेमरी, पलीकडच्या मेमरीला हात नाही. आणि जगभरातले जाणकार कोड तपासतात तिथं पाठवून दिला. आपला एक तरी बदल गाभ्यात जावा, एवढी एकच हाव त्या बाईला होती. "पुण्याला जा, इथं बसून काय होणार?" असं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे सांगायचे. "कोड कुठं बसून लिहिला ते मशीन इचारत न्हाई," हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

बदल नापास झाला. परदेशातल्या एका तपासणाऱ्यानं तो चालवून पाहिला होता. जवळची मेमरी संपली, पलीकडची रिकामी पडलेली, आणि कर्नलनं चालू प्रोग्राम मारून टाकला. बाईंचा नियमच तसा होता.

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. बाईंचा चेहरा पार उतरला होता.

"माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पानी भरू देत नव्हते, सर. अन् मी काय केलं? शेजारी भरलेलं पिंप असताना एकाला तहानेनं मारलं."

पुन्हा लिहायला बसल्या. आधी जवळची मेमरी. ती संपली तर बिनबोभाट पलीकडची. स्वतःची चूक त्यांनी सगळ्यांदेखत जशीच्या तशी लिहून टाकली. एवढी छाती आमच्या कॉलेजात दुसऱ्या कुणाची नव्हती. तपासणारे चिवट, तर बाई त्यांच्याहून चिवट. एक शंका फिटली की दुसरी यायची, बाई पुन्हा कोड पाठवायच्या. पावसाळा सरला, कापूस घरात आला, आणि बदल स्वीकारला गेला.

बाईंनी पेढे आणले. मी असा फुगलो, जणू कोड मीच लिहिला. जिंतूरला एका लग्नात सोयाबीनच्या भावावर तावातावानं बोलणाऱ्या मंडळींना थांबवून सांगितलं, की आमच्या बाईंचा कोड जगभरच्या मशीनमध्ये चालतो. "म्हंजी काय करतो?" एकानं विचारलं. मी पिंपाची गोष्ट सांगितली. लोकांना ती लगेच कळली, आणि पंगत बसेपर्यंत बाई सगळ्या मांडवाच्या झाल्या.

गेल्या वर्षी बाई आजारानं गेल्या. खोलीत अजून करमत नाही. कर्नलची नवी आवृत्ती आली, की मी आधी बाईंचा तेवढाच भाग उघडून बघतो. परवा पाहिलं, तर कुणीतरी दूरदेशीच्या माणसानं तिथं भर घातलेली, पण बाईंच्या ओळी जागच्या जागी. राहवलं नाही, एस.टी. धरून पाथरी गाठली. बाईंची आई दारात तूर पाखडत बसली होती.

"साहेब, तिचं ते काम चालायलंय का अजून?"

"चालायलंय, आई. आत्ता या घडीलाही, जगभर."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"मंग लेक माझी कामावरच हाय म्हना."