मधात कालवलेली कॅप्सूल

माझी थोरली जाऊ दम्याची. निमोण्याच्या घरात आम्ही दोघीच राहतो, दोघींचेही नवरे गेले. तिचा मुलगा दौंडला रेल्वेत आहे. त्याने तिला सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत दम आटोक्यात न्हाई आला तर म्हैस विकायची आन् क्वार्टरवर यायचं." त्याचं चुकत नव्हतं. बाजरी उफणताना ती एकदा निळी पडली होती. पण दौंडला तिला करमत नाही. दर वेळी म्हशीचं निमित्त सांगून ती परत येते. म्हैस गेली की निमित्त संपलं.

तोंडात फवारायचा दम्याचा पंप ती सकाळ-संध्याकाळ नेमाने घ्यायची. तरी दिवस मावळला की छातीत शिट्ट्या वाजायच्या. म्हणून शिरूरच्या डॉक्टरांनी पंप तसाच ठेवून वर आणखी एक औषध दिलं. कॅप्सूल. बारक्या मशीनमध्ये घालायची आणि तोंडाने ओढायची, दिवसातून एकदा. कंपाउंडरने करून दाखवलं. तिने मान हलवली.

दिवाळी जवळ आली तरी फरक पडेना. परत शिरूर गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, औषध कसं घेता ते माझ्यासमोर घेऊन दाखवा."

तिने पिशवीतून कॅप्सूल काढली, मग मधाची बाटली काढली, मग चमचा. कॅप्सूल फोडून भुकटी मधात कालवली आणि चाटली. रोज सकाळी ती मध चाटते हे मी बघत होते. मला वाटायचं, खोकल्याचं नेहमीचं चाटण असेल.

"आणि मशीन?"

"फळीवर हाय. ओढून बघितलं की पहिल्या दिवशी. घशाला कायच लागंना. पंपाचा फवारा कसा लागतो. म्हटलं, हे जातंय वाया. नवी फोडून बघितली तर आत भुकटी चिमूटभर बी न्हाई. म्हटलं, मधातनं तरी समदी पोटात जाईल."

मी हसले. डॉक्टर हसले नाहीत. "पोटात जाऊन उपयोग नाही, आजी. ते छातीतच गेलं पाहिजे. घशाला काही लागणार नाही. ओढताना कॅप्सूल आत फिरल्याचा आवाज येतो का, तेवढं ऐका. मग थोडा श्वास धरून ठेवा. आणि पंप सोडायचा नाही."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हसायला काय झालं तुला?"

"तुम्ही मशीनला बी मध लावला नाही म्हणून हसले, बाई."

त्यानंतर ती मशीन तोंडाला लावायची तेव्हा मला भांडंसुद्धा वाजवू द्यायची नाही. आवाज ऐकू आला नाही तर परत ओढायची.

दिवाळीत मुलगा आला तो म्हशीला गिऱ्हाईक घेऊनच. जाऊ तेव्हा दारात दूधवाल्याशी फॅटवरून भांडत होती. कालचं दूध पातळ होतं असं तो म्हणाला होता. तिने त्याच्या मापापासून सुरुवात केली ती त्याच्या बापाच्या मापापर्यंत गेली. मुलगा ती दम खायला थांबण्याची वाट बघत उभा राहिला. ती थांबली नाही. दूधवालाच थकला.

मुलाने गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावलं. आईला म्हणाला, "ऱ्हा मग हितंच. पण गोठ्यातली धूळ आन् चुलीचा धूर बंद."

तेव्हापासून धार मी काढते. ती लांब ओट्यावर बसून माझा हात जड आहे म्हणून सांगते.