लाल सिग्नल आणि नवं ग्राफिक्स कार्ड

बाबांनी कॉम्प्युटरवर लाल सिग्नल ओलांडला, आणि त्या दुपारपासून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. मालगाडी चालवायचे. सगळ्या नोकरीत त्यांनी एकदाही लाल ओलांडला नाही, हे आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी पाहुण्याला पाण्याच्या ग्लासासोबतच सांगितलं जातं. मी लहान असताना त्यांच्या स्कूटरवर मागे बसले की चौकातल्या सिग्नलचा रंग ओरडून सांगायचं काम माझं असे. इंजिनात तसाच नियम असतो म्हणे. एकानं रंग सांगायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. मी "लाल!" ओरडायची, बाबा "लाल!" म्हणायचे आणि शेजारचे स्कूटरवाले आमच्याकडे बघत राहायचे.

निवृत्तीनंतर ते घरात नुसत्या येरझारा घालत. म्हणून मी माझ्या गेमिंग कॉम्प्युटरवर त्यांना रेल्वे चालवायचा गेम लावून दिला. लाईन कुठल्याशा परदेशातली, पण लाल तो लालच. रोज जेवण झालं की शर्टाची वरची गुंडी लावून ते खुर्चीत बसत. ड्युटीच ती!

मग ती दुपार आली. गाडी सिग्नल ओलांडून गेली, गेम थांबला, पडद्यावर चूक लिहून आली. बाबा म्हणाले, "ह्या कॉम्प्युटरनं सिग्नल दाखवलाच नाई. मले दिसला असता तं थांबलो नसतो काय?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

आई रोजच असं काही बोलते आणि बाबा हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. उठले, आणि पुढे कितीतरी दिवस खुर्चीकडे फिरकले नाहीत.

आता चूक कोणाची? माझं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं होतं. पडद्यावरचं चित्र तेच काढतं, आणि लांबचा सिग्नल ते धुरकट ठिपक्यासारखा काढायचं. मलाही तो उशिराच दिसायचा. पण दिसायचा. या 'पण'ला मी मनात फार वेळ उभं राहू दिलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की बाबा म्हणत, "चष्मा आत्ताच तं केला." मला काय, तेच हवं होतं. दोष मशीनचा आहे, बाबांच्या डोळ्यांचा नाही, एवढंच सिद्ध करायचं होतं. मी नवं कार्ड आणलं.

रविवारी सकाळी जुनं काढलं, नवं बसवलं. चांगलं विटेएवढं धूड. पंखे फिरले, दिवे लागले. आधी माझा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून पाहिला, तर चित्र आधीपेक्षाही वाईट! गाड्या अडखळत होत्या, रस्ता तुकड्यातुकड्यानं येत होता. सेटिंग बदलली, कार्ड काढून पुन्हा बसवलं, कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू केला. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

बाबा दारातून बघत होते. "काहून? चालून नाई राहिलं काय?"

"नाही ना," मी चिडून म्हटलं. आणि खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. कार्डच चालत नाही म्हटल्यावर बाबांची परीक्षा घ्यायची वेळच येणार नव्हती. एवढी धडपड करून आणलेली वस्तू बिघडली म्हणून सुखावणारी बाई मी पहिलीच असेन.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा अख्खा डबा स्कूटरवर पुढे ठेवून सदर बाजाराच्या गर्दीतून दुकानात नेला. दुकानदारानं पुढून काही बघितलंच नाही. डबा फिरवला, मागून बघितला आणि विचारलं, "दीदी, घर पे स्क्रीन की तार कहाँ लगाई थी?" मी वरच्या भोकावर बोट ठेवलं. तो हसला. ते कॉम्प्युटरच्या मूळ बोर्डाचं होतं, कार्डाचं भोक खाली. म्हणजे चित्र तो बोर्डच कसंबसं काढत होता आणि नवं कार्ड आत नुसतं बसून वारा खात होतं. मला स्वतःचाच असा राग आला की त्याचे आभार मानायचे राहिले.

घरी येऊन तार खाली लावली. शर्यतीतल्या रस्त्यावरचे खडेसुद्धा मोजता येत होते. मग रेल्वेचा गेम लावला आणि बाबांना हाक मारली. ते आले, गुंडी लावली, बसले. मी मागे उभी राहिले.

गाडी निघाली. तीच लाईन, तेच वळण. वळण संपलं आणि लांबवर लाल दिसला, कुंकवाच्या टिकलीसारखा स्वच्छ. बाबांचा हात हलला नाही. मला वाटलं, त्यांना दिसलाय, थांबवतील. वेग कमी होईना. सांगावं का? सांगितलं तर आणलेल्या कार्डाचा काय उपयोग, मग काय सिद्ध झालं? नाही सांगितलं तर ते दुसऱ्यांदा ओलांडणार. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे अगदी डोळ्यांत प्राण आणून बघत होते. मला भीती वाटली, फार भीती वाटली.

"लाल!" मी ओरडले.

"लाल," बाबा म्हणाले आणि त्याच क्षणी ब्रेक लावला. गाडी सिग्नलच्या अलीकडे थांबली.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "कार्ड चांगलं हाय," ते म्हणाले. मग शेजारचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. "तू इथंच बस."

मी बसले. सिग्नल बदलला.

"हिरवा," मी म्हटलं.

"हिरवा," बाबा म्हणाले, आणि गाडी सुटली.