आईचं माहेर भिंतीवर

परवा रविवारी शहापूरजवळच्या एका गावात हातात ब्रश घेऊन उभी होते...

झालं असं, की आईचं माहेर धरणात गेलं. माझ्या जन्माच्याही आधी. गावाला इकडे नवी जागा मिळाली, आमची बौद्ध वस्ती मात्र जिकडेतिकडे पांगली. आई वाशिंदला आली ती आलीच.

आता त्या गावकऱ्यांना सभागृहाच्या भिंतीवर जुनं गाव रंगवून हवं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला बोलावलं. मी कुणाची नात, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हातारी माणसं सांगत गेली, मी काढत गेले... देऊळ, पार, खळी, नदीचा उतार. ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीचं नाव कुणी काढेल तर शपथ!

मीही हट्टी. कुणाला न विचारता वस्ती काढूनच टाकली. आई बघायला आली आणि घाबरली. "कशाला काढलीस गो? पुसायला लावतील..."

तेवढ्यात सखादादा आले. गावातले सगळ्यांत वयस्कर, आणि तोंडाचे फटकळ. चष्मा पुसून नेमके आमच्या वस्तीपाशी थांबले. "ह्ये चुकलंय."

संपलं, म्हटलं मी. आई तर पदर सावरत दाराकडे निघालीसुद्धा.

"चिंच कुठाय हितली? आमी पोरं तिथंच पडीक असायचो. भिवामामा काठी घेऊन मागं लागायचा!"

आई गर्रकन वळली. "माझा बाप त्यो! आन् आमच्या कौलांवर दगड मारायचा तो सखा तुमीच ना?"

हुश्श! अख्खं सभागृह हसलं. मग आई सांगतेय, दादा तिला खोडून काढतायत, आणि मी मुकाट चिंच रंगवतेय... विहिरी वेगळ्या होत्या, हेही दादांनीच काढलं. "बुडाल्या मात्र एकदमच," म्हणाले.

निघताना त्यांच्या बायकोने आईच्या हातात नव्या तांदळाची पिशवी ठेवली. आई नको नको करत होती.

"माहेरातनं कोण रिकाम्या हातानं जातं काय गो?"

रिक्षात आई ती पिशवी मांडीवर घेऊन वाशिंदपर्यंत रडली. मी तिला अडवलं नाही... माझ्या आईला माहेर आहे, एवढंच सगळ्यांना सांगायचं होतं.