चार्ज घेतला
बाबा अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झाले, पण पुढच्या पाळीच्या माणसाने चार्ज घेतल्याशिवाय जागा न सोडायची सवय गेली नाही. कोथरूडच्या घरात दूध तापत ठेवलं, की आई "घेतला चार्ज" म्हणेपर्यंत ते ओट्यापासून हलत नाहीत. मी जाम वैतागते.

परवा टीव्हीवर बातमी लागली, परदेशातल्या युद्धात सैनिकांनी अणुवीज केंद्र ताब्यात घेतलं. बाबा गॅसवरचं दूध तसंच सोडून बाहेर आले.

"बंद करून घरी जायचं ना तिथल्या लोकांनी!" मी म्हटलं.

"अगं, बंद केली तरी भट्टी गार करत बसावं लागतं. डोक्याला बंदूक लावली तरी उठता येत नाही." मग हळूच म्हणाले, "त्यांना सोडवायला पुढची पाळी आली असेल ना?"

आत दूध उतू गेलं. एरवी आई ओरडली असती. त्या दिवशी तिने ओटा पुसला आणि म्हणाली, "घेतला चार्ज. बसा तुम्ही."