लोह्याला उतरलेली राणी

आप्पा आज सकाळी गेले, आणि मी इथं पोकरबद्दल लिहिणार आहे.

ज्यांना हे बरं दिसत नाही त्यांनी खुशाल पुढं स्क्रोल करावं. आप्पांना चाललं असतं.

आप्पा म्हणजे माझे मोठे चुलते. राहणार अहमदपूर. अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून, त्यातली बरीचशी अहमदपूर-नांदेड गाडीवर.

भरलेल्या गाडीत कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरणार, सगळं तोंडपाठ. रिटायर झाल्यावरसुद्धा बाजारात कुणाला तरी थांबवून "तुम्ही माळाकोळीचे ना" म्हणायचे, आणि तो माणूस खरंच माळाकोळीचा निघायचा.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी इथं लातूरला कणीक मळत होते.

"पोकर शिकायचाय मला. फोनवरचा. तू खेळतीस म्हणं."

खेळायचे. ऑफिसातल्या मैत्रिणींमुळं लागलेला नाद, तोही पैशांवर नाही, ॲपमधल्या फुकटच्या चिप्सवर. घरी कुणाला पत्ता नाही असा माझा समज होता.

मी म्हटलं, सगळे खेळतात तो होल्डम शिका. पण त्यांना स्टडच पाहिजे होता, कारण त्यात प्रत्येकाची काही पानं टेबलावर उघडी असतात.

"फोनात मान्सांचे तोंडं दिसत न्हाईत. निदान पानं तरी दिसू दे."

आता स्टडमध्ये कुठला, यावर आमचे आठ दिवस गेले.

फाइव्ह कार्ड सोपा. एक पान झाकलेलं, चार उघडी. पण त्या टेबलाकडं काळं कुत्रंही फिरकत नाही.

रॅझमध्ये सगळ्यात हलकी पानं ज्याची, तो जिंकतो. आप्पा म्हणाले, जन्मभर राजा मोठा म्हणून शिकलो, आता म्हातारपणी उलटं कशाला शिकू.

हाय-लोमध्ये भारीवाला आणि हलकावाला डाव अर्धा अर्धा वाटून घेतात. "हे तर भावकीवानी झालं," म्हणाले. तोही बाद.

उरला सेव्हन कार्ड. सात पानं, त्यातली चार उघडी. आणि जो मधेच डाव सोडतो त्याची पानं स्क्रीनवरून गायब. ती आपण लक्षात ठेवायची, नाहीतर कधीच गेलेल्या राणीची वाट बघत बसायचं.

आप्पांना नेमका हाच पाहिजे होता.

आणि मी अतिशहाणी. म्हटलं, "आप्पा, फाइव्ह कार्डच घ्या. या वयात एवढं नाही लक्षात राहणार."

त्यांनी फोन ठेवला. चार दिवस अबोला.

पाचव्या दिवशी त्यांचाच फोन. सेव्हन कार्ड शिकून तयार.

मग रोज संध्याकाळी साडेसहाला आम्ही एका टेबलावर. ते, मी आणि चार अनोळखी. बोलायला काकूचा फोन, स्पीकरवर.

त्यांनी प्रत्येक खुर्चीला थांब्याचं नाव दिलं होतं. स्वतः अहमदपूर. मग माळाकोळी, लोहा, सोनखेड, विष्णुपुरी. मी कुठंही बसले तरी नांदेड, कारण गाडीत शेवटपर्यंत एखादं तरी आपलं माणूस पाहिजे म्हणायचे.

कुणी पानं टाकली की मोठ्यानं आवाज यायचा, "लोह्याला राणी उतरली. किलवरची."

"उतरलेला प्याशिंजर बी ध्यानात ठिवावा लागतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "गाडीत न्हाई म्हणून इसरून कसं चालंल?"

ते मोठ्यानं बोलायचे म्हणून मलाही सगळं फुकटात कळायचं. तरी मीच हरायचे.

दीड वर्ष असं मजेत गेलं.

मग एकदा त्यांनी विचारलं, "सोनखेडला कोन उतरलं गं?"

मी चिडवलं, कंडक्टरसाहेबांना डुलकी लागली वाटतं. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात परत तेच. मग रोजच.

दिवाळीला अहमदपूरला गेले तेव्हा भाकरी थापता थापता काकूनं सांगितलं. पोकर शिकायच्या आधीच एकदा आप्पा मार्केट यार्डातून घरी येताना रस्ता चुकले होते. रोजच्या पायाखालचा रस्ता. नांदेडच्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला होता, आणि तो वाढत जाणार हेही. आप्पांनी तिला कुणाजवळ बोलू दिलं नव्हतं.

म्हणजे सेव्हन कार्ड त्यांनी करमणुकीसाठी निवडलाच नव्हता. आपल्या अजून किती ध्यानात राहतंय, ते रोज साडेसहाला तपासून बघत होते.

आणि या माणसाला मी "या वयात नाही लक्षात राहणार" असं ऐकवलं होतं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

लातूरला परत आल्यावर मी मुद्दाम हरायला लागले. दुसऱ्याच डावात पकडली गेले.

"मला जिंकवू नको," म्हणाले. "कोन उतरलं तेवढं सांगत जाय."

मग मी कंडक्टर झाले. लोह्याला राणी उतरली, आप्पा. सोनखेडला अठ्ठी. माळाकोळीवाले अजून बसलेत. पलीकडून फक्त "हाव" यायचं.

शेवटी शेवटी त्यांना पानं ओळखू येईनात. तरी काकू साडेसहाला फोन लावून द्यायची आणि मी नुसते थांबे सांगत जायचे.

मागच्या रविवारी मी अहमदपूरला गेले होते. आप्पा खाटेवर बसलेले. माझ्याकडं बघितलं, पण ओळख पटली नाही.

मी जवळ गेले, तर अगदी ड्युटीवरच्या आवाजात विचारलं, "कुठं जायचं, माय?"

मला रडू आलं. कसंबसं म्हटलं, नांदेड.

ते जरासे सरकले आणि हातानं शेजारची जागा झाडली.

"बस. जागा हाय."

बसले. तासभर आम्ही दोघं तसेच बसून होतो, आणि मला ते फार बरं वाटलं.

आता साडेसहा वाजलेत. फोन हातात आहे. टेबल उघडलेलं नाही.

आप्पा, तुम्हाला शेवटचा नमस्कार.

अहमदपूरला आप्पा उतरले.

ध्यानात ठेवते. नांदेड येईपर्यंत.