कणकेच्या बैलांचं आवतण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या वर्षी पोळ्याला कंपनी सुट्टी देत नाही, असं मी आबांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. खरं तर मी सुट्टी मागितलीच नव्हती. पोळा गुरुवारी होता, आणि गुरुवारी आमच्या चाकणच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टीच असते. बुधवारचा एक दिवस मागितला असता तर सुपरवायझरनं दिला असता. मला जायचं नव्हतं, एवढंच. गावात पारावर "परमनंट झालास का?" असं विचारतात, आणि मी कंत्राटावर होतो. बायकोला सांगितलं, गुरुवारी ओव्हरटाइम आहे.

मला वाटलं, विषय संपला. बुधवारी पहिली शिफ्ट करून चिखलीला खोलीवर आलो, तर आबा दारातच बसलेले. पोळ्याला बैल सोडून हा माणूस आयुष्यात कुठं गेला नव्हता. या वेळी जोडी शेजाऱ्याच्या हवाली करून एसटीनं आला होता. "लेकरं बैलाकडं येईनात, मग म्हणलं बैलच लेकरांकडं न्यावं," एवढंच बोलले.

त्यांनी गुळाच्या पाण्यात घट्ट कणीक भिजवली. परातीभोवती माझी दोन्ही मुलं. आधी वशिंड, मग शिंगं, डोळ्यांना ज्वारीचे दाणे. धाकट्याचा बैल बघून मुलगी म्हणाली, "हे तर कुत्रं झालं!"

"असू दे," आबा म्हणाले. "ह्याला जू लावाय गेलं तर मालकालाच चावंल."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. जुवानं घासलेला बैलाचा खांदा तूप-हळदीनं चोळायचा आणि त्याला जेवायला बोलवायचं. आबांनी कणकेच्या खांद्यांना बोटाच्या टोकानं तूप-हळद लावली. मुलं एकेका बैलाशी वाकून ओरडली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!" मग आबांनी गावाकडं शेजाऱ्याला फोन लावला. "जरा बैलाच्या कानाला धर बरं," म्हणाले, आणि तेच हळू आवाजात दोनदा म्हटलं. जोडीतल्या एकाला एकदा, दुसऱ्याला एकदा.

"हो म्हणाले का, आबा?" धाकट्यानं विचारलं.

"कान हलवला म्हणतोय."

मी मोबाईलमध्ये बघत होतो.

सकाळी मुलीनं रात्री बैल ठेवलेला फ्रिज उघडला. "आबा, बैल बसले!"

"रातभर रवंथ केल्यावर बसणारच की."

मग तिचं लक्ष माझ्या अंगातल्या युनिफॉर्मकडं गेलं. "बाबा, आज गुरुवार ना?"

"ओव्हरटाइम आहे."

आबांनी मान वर केली नाही. "पोळ्याच्या दिशी आमी बैलालासुदिक जू लावत न्हाई," म्हणाले. ते कंपनीला बोलत होते, मला नाही.

मी डबा घेऊन निघालो आणि थेरगावला एका मित्राच्या खोलीवर जाऊन दिवसभर झोपलो. झोप चांगली लागली, हेही सांगून टाकतो.

संध्याकाळी परतलो, तेव्हा तळलेले बैल ताटात रांगेनं मांडलेले होते. मुलं जेवली होती. आबा सकाळपासून नुसत्या चहावर. बायको वैतागली होती. "तुम्हीच सांगा त्यांना आता. माझं ऐकतील तर शपथ."

"बैल जेवल्याबिगर घरधनी जेवत न्हाई," आबा म्हणाले. "आन् ह्या घरात राबतंय कोण? ह्योच की."

त्यांनी पहिली पुरणपोळी माझ्या ताटात वाढली. वर तुपाची धार. शेजारी बसून शर्टावरूनच माझा खांदा दाबला. "दुखतो का रं?"

"थोडा," मी म्हणालो, आणि जेवलो. मी दोन घास खाल्ल्यावर त्यांनी स्वतःचं ताट ओढलं.

त्यानंतर मी दोनदा पोळ्याला गावी गेलो. शिंगं रंगवली, हलगीपुढं उभा राहिलो. पारावर आबांनी माझ्यादेखत चारचौघांत त्या कंपनीला शिव्या घातल्या, सणाच्या दिवशी पोराला राबवून घेतलं म्हणून. त्यांची समजूत अजून तीच आहे. मी परमनंटही झालो, म्हणजे आता लपवायला कारणही उरलेलं नाही.

त्या गुरुवारी मला काम नव्हतं, हे मी आबांना सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.