आठ पाटे आणि एक तांब्या

लिंबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. दोनच दिवसांपूर्वी माझ्या नव्या गाडीत बसून त्यानं परभणीतून एक चक्कर मारली होती आणि उतरताना दार हळूच लावून म्हणाला होता, "गाडी देखणी हाय भास्कर, पण हिला रस्ता कळत न्हाई." इतक्या हौसेनं घेतलेल्या गाडीला कुणी असं म्हणतं का? मी दोन दिवस उत्तर जुळवत होतो. चांगलं झणझणीत उत्तर सुचलं आणि फोन हातात घेतला, तोवर त्याच्याच नंबरवरून फोन आला. पलीकडं त्याची मुलगी होती. "काका, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता. माझं उत्तर तोंडातच राहिलं. त्याला आता सहा आठवडे झाले, आणि अजूनही मला त्याच्यावर रुसावंसं वाटतं. भांडण अर्धवट टाकून जायची त्याची सवय नव्हती.

आम्ही एकाच गावचे, पोखर्णीच्या पुढं सोनपेठच्या अंगाला आमचं गाव. शाळेत एका वर्गात, पण घरं गावाच्या दोन टोकांना. माझे वडील, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणायचं, ते जमीनवाले. लिंबाजीचे वडील मजुरी करायचे. धम्म स्वीकारलेल्यांपैकी आमच्या गावातलं ते पहिलं घर. लिंबाजी आयटीआय शिकला आणि पुढं तिथंच मोटार मेकॅनिक शिकवणारा मास्तर झाला. मी बी.ए. होऊन शेतीवर परतलो. कोण जास्त शिकला, यावर आमचा वाद चाळीस वर्षं चालला. त्याचं म्हणणं, बी.ए. झालेल्याला साधा नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळत नाही. त्यात काही प्रमाणात तथ्य होतं, हे मी आज कबूल करतो, तो ऐकत नाही म्हणून.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि गावोगाव माणसं एकमेकांशी मोजकंच बोलत होती. आमच्या गावात काही जळलं नाही, पण बोलणं थंडावलं ते थंडावलंच. त्यातच आण्णांनी सरकारी लिलावातली एक जुनी जीप आणली आणि ती चालती करायला मी लिंबाजीला बोलावलं. आण्णा नको म्हणाले नाहीत. "पुस्तकं शिकून जीप चालू होत असंल तर करू दे," असं मात्र तो ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणाले. दर रविवारी तो सायकलवर यायचा, आणि सायकलच्या दांडीला पिशवीत पितळी तांब्या असायचा. तांब्यावर त्याच्या आईचं नाव घातलेलं. पाणी घरून भरून आणायचा. आमच्या गोठ्यातल्या कोनाड्यात एक पेला उपडा घालून ठेवलेला असे, तो कुणासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. लिंबाजीनं त्या पेल्याकडं कधी पाहिलं नाही, त्याबद्दल कधी बोलला नाही. मीही बोललो नाही. आण्णांसमोर माझी जीभ उचलायची नाही, हे खरं कारण. मित्र म्हणवून घेत होतो आणि त्याला घरातलं घोटभर पाणी देऊ शकत नव्हतो. याची लाज मला तेव्हाही वाटायची, आजही वाटते.

मग शर्यत निघाली. सेलूकडच्या काही हौशी पोरांनी देवगाव फाट्याजवळच्या पडीक माळावर जीपगाड्यांची शर्यत ठरवली. नियम सरळ होता. जीप सगळ्यांची एकाच बनावटीची, इंजिनाला शिशाचं सील, त्याला कुणी हात लावायचा नाही. बदलायचं ते फक्त खालचं सामान: पाटे, गचके जिरवणारे शॉकप आणि टायर. ज्यांना पाटे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, जीपच्या प्रत्येक चाकावर पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चवड असते, गाडीचे गचके ती सोसते. पट्ट्या जास्त तर गाडी ताठ, कमी तर मऊ. लिंबाजीला हे कळलं तेव्हा त्याचे डोळे असे लकाकले, की मला वाटलं याचं लग्न ठरलं. "म्हंजे इंजिन सगळ्यांचं सारखं," तो म्हणाला, "मंग शर्यत पाट्याचीच की." आणि थोडं थांबून, जीपच्या टायरवर थाप मारत म्हणाला, "आण्णानं एकदा म्हनावं, काम बरं केलं म्हनून. मला दुसरं काय नगं." मला त्याच्यासाठी मात्र त्याहून मोठं काहीतरी हवं होतं, आणि ते आण्णांकडं मागायची हिंमत नव्हती.

पाटे निवडण्यावरून आमचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. मला दहा पाट्यांची नवीकोरी चवड हवी होती, कारण त्यानं जीप उंच आणि रुबाबदार दिसते. लिंबाजी म्हणाला, रुबाब तुझ्या वरातीला ठेव. तो परभणीच्या मोडीच्या बाजारातून जुने पाटे आणायचा. एकेक पाटा दोरीला टांगायचा, हातोडीनं टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा. बद्द आवाज आला की बाजूला. सरळ घुमला की घ्यायचा. मी कान लावला की मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. शॉकपही असेच, हातात धरून दाबायचा आणि किती वेळानं उलगडतो ते तोंडानं आकडे म्हणत मोजायचा. एका शॉकपला तर तो "हा आळशी हाय" म्हणाला आणि परत देऊन आला.

पण खरी परीक्षा तांब्याची. प्रत्येक नवी चवड बसवली की तो आपला तांब्या काठोकाठ भरायचा, कापडाची चुंबळ करून जीपमध्ये पुढच्या सीटच्या मागं ठेवायचा, आणि आम्ही आमच्या खळ्यापासून पोखर्णीच्या नरसिंहाच्या कमानीपर्यंत एकाच वेगानं जायचो. तिथं उतरून तो तांब्यात बोटं घालायचा. पाणी काठापासून किती बोटं खाली गेलं, तेवढी त्या पाट्यांची परीक्षा. दहा पाटे, पाच बोटं. नऊ पाटे, साडेतीन. सात पाट्यांवर जीप इतकी लोळायला लागली की तांब्याच आडवा झाला. शेवटी आठ पाट्यांवर दीड बोट आलं. लिंबाजीनं ते दोनदा मोजलं, मग कमानीखाली उभा राहून लहान पोरासारखा हसला.

या सगळ्यात आमच्याकडून एक चूक होत होती, आणि ती आमच्याच भागातल्या माणसांकडून होऊ शकते. रिकामी जीप रस्त्यानं निघाली आणि कुणी हात केला तर थांबायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलंच नाही. "कुठं जायलाव?" "पोखर्णीला." "मंग बसतो की." बसतो म्हणेपर्यंत माणूस बसलेला असायचा, मागून त्याची बायको, तिच्या मागून भाच्यासाठी नेलेलं लाडवाचं गाठोडं. तीन महिन्यांत एकही चाचणी आम्ही दोघांनीच केली नाही. चार-पाच माणसं मागं असायचीच. आणि यात काही चुकतंय हे मास्तरच्याही ध्यानात आलं नाही, बी.ए.च्याही नाही.

शर्यतीच्या सकाळी माळावर सरावाची एक फेरी दिली. मी गाडी चालवत होतो, लिंबाजी शेजारी, मागं फक्त तांब्या. माळावर जरा वेग घेतला आणि जीप बकरीसारखी उड्या मारायला लागली. खालच्या काळ्या रानातल्या भेगांवर तर चाकं जमिनीला टेकेनात. थांबलो तेव्हा चुंबळ एकीकडं, तांब्या दुसरीकडं, आणि त्यात थेंब नाही. लिंबाजीनं तांब्या उचलून उपडा करून बघितला. मग माझ्याकडं बघून हसायलाच लागला. "भास्कर, लेका, आपून शर्यतीचे पाटे निवडलेच न्हाईत. बाजाराला जायचे, भरल्या गाडीचे पाटे निवडले." मला हसू येत नव्हतं. शर्यतीला तास राहिला होता आणि पाटे उतरवून परत चढवायला अर्धा दिवस लागला असता. मी म्हणालो, नाव काढून घेऊ. त्यानं ऐकलंच नाही. खिशातून नियमांचा कागद काढला, बोट ठेवून वाचला आणि सरळ शिट्टीवाल्या पंचाकडं गेला. "साहेब, इथं लिवलंय, चालक आन् किमान एक सोबती. जास्तीत जास्त किती ते कुठं लिवलंय?" पंचानं कागद उलटा-पालटा करून तीनदा वाचला. मग म्हणाला, न्हाई लिवलेलं.

आमच्या गावची बरीच मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शर्यत बघायला आली होती. लिंबाजीनं हाक मारली, "कोन येतंय का पोखर्णीला?" नेहमीचे तिघं हसत हसत चढले. आणखी एक हवा होता. कुणी पुढं येईना, कारण बाकीच्या जीपगाड्यांची सरावातली धूळधाण सगळ्यांनी पाहिली होती. तेवढ्यात बाभळीखालून छत्री मिटत एक माणूस आला आणि मागं चढून बसला. आण्णा होते. शर्यत म्हणजे पोरखेळ, मी येणार नाही, असं आदल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं. माझी पाचावर धारण बसली. लिंबाजीनं तांब्या परत काठोकाठ भरला आणि चुंबळीवर ठेवला. नेमका आण्णांच्या पायाशी.

त्या शर्यतीचं वर्णन मी इतक्यांदा केलंय की त्यात आता थोडी भर पडली असेल. पण सहा माणसं घेऊन आमची जीप त्या माळावरून अशी चालली, की पाट्यांना शेवटी आपलं काम कळलं असं वाटावं. चाकं जमीन सोडेनात. लिंबाजी शेजारून ओरडत होता, "सोड, सोड, भेग हाय, सरळ घी..." मागचे तिघं नरसिंहाचा जयजयकार करत होते. एकाचा पटका उडाला तेव्हा गाडी थांबवा म्हणून त्यानं माझा खांदा धरला. लोक कडेनं धावत होते. एका जीपचा पाटा तुटला, दोन जीपा रानात रुतल्या. नऊ जीपगाड्यांपैकी सहा शेवटपर्यंत पोचल्या आणि त्या सहांत आम्ही सहावे आलो. तरी लोकांनी पहिल्या आलेल्याला सोडून आमच्याभोवतीच गर्दी केली.

लिंबाजी उतरला तो थेट मागं गेला. तांब्यात बोटं घातली. "दीड बोट," एवढंच म्हणाला आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायला. धुळीनं सगळ्यांचे घसे सुकले होते. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि आण्णांनी हात पुढं केला. लिंबाजी थबकला. "आण्णा, माझ्या घरचं पानी हाय."

"म्हाईत हाय मला," आण्णा म्हणाले. "दे."

वरून धार धरून नाही, आण्णा तोंड लावून प्यायले. मिशा पुसल्या. मग तांब्यात डोकावून म्हणाले, "यवढ्या गचक्यात बी सांडलं न्हाई. पाटे बरे निवडलेत मास्तर." लिंबाजीनं मान खाली घातली आणि तो उगाचच चुंबळ झटकायला लागला. मी बॉनेट उघडून इंजिनाकडं बघत उभा राहिलो, इंजिनाला काही झालं नव्हतं.

गाव काही त्यानं बदललं नाही, आण्णाही सगळे बदलले नाहीत. पण त्याच आठवड्यात आईनं कोनाड्यातला पेला मोडीत घातला, आणि पुढच्या रविवारी लिंबाजीला चहा घरातल्या कपात आला. तो चहा प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाला. विद्यापीठाला नाव मिळालं त्या जानेवारीत तो पेढे घेऊन आला. आण्णांना तेव्हा नीट दिसत नव्हतं. पेढा खाऊन त्यांनी परत हात पुढं केला. "अजून एक दे."

परवा मी सुमनवैनीला, म्हणजे लिंबाजीच्या बायकोला भेटायला परभणीला गेलो होतो. निघताना वैनी आतून तांब्या घेऊन आल्या, आईचं नाव घातलेला तोच, काठोकाठ भरलेला. जुन्या टॉवेलची चुंबळ करून त्यांनी तो माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. "तुमी गाडी घेऊन आल्यावर द्यायचा म्हनून त्यांनी सांगून ठेवलं होतं, दुखवट्याच्या गडबडीत राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. "म्हनले, भास्करला म्हनावं एकदा घेऊन जाऊन बघ, मंग भांड माझ्यासंगं." मी गाडी सावकाश काढली.

रस्ता आता बरा झालाय. पोखर्णीच्या कमानीपाशी एका म्हाताऱ्या जोडप्यानं हात केला, म्हणून थांबलो. "कुठं जायलाव?" म्हणत दोघं मागं बसलीसुद्धा. त्यांना त्यांच्या वस्तीवर उतरवून घरी पोचलो, गाडी बंद केली आणि तांब्यात बोटं घातली. तीन. मागं दोन माणसं बसवून, एवढ्या चांगल्या रस्त्यावर तीन बोटं. माझं ते झणझणीत उत्तर मी मागं घेतलं. बरोबर होतं त्याचं, हिला रस्ता कळत नाही. मग तिथंच गाडीशेजारी उभा राहून उरलेलं सगळं पाणी मी तोंड लावून प्यायलो.